डबा नंबर दोन

सुधीरच्या हातून आयुष्यात एकच लिखाण असं झालं, की ते वाचून कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती एक निळी फाइल होती. 'आपत्तीनंतर कारखाना पुन्हा सुरू करण्याचा आराखडा' असं त्याने तिच्यावर स्वतः स्केचपेनने लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाची पावडर करणारी त्यांची कंपनी. माल जायचा परदेशात, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला दोन हजार चार साली अचानक काळजी पडली, की तुमच्याकडे पूर आला तर आमच्या मालाचं काय? आता महाडला पूर येतो हे शेजारच्या बिरवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण तेच फाइलीत लिहिलं की त्याला आराखडा म्हणतात, आणि लिहिणारा कारकून असेल तर त्याचा ऑफिसर होतो. तसा सुधीर ऑफिसर झाला.

आराखड्याची सगळी मदार एका ओळीवर होती. कुठली बॅच कधी केली, किती तास तापवली, तपासणीत काय निघालं, हे सगळं कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असायचं. ती माहिती नसेल तर तयार माल म्हणजे नुसतं पांढरं पीठ. परदेशातलं गिऱ्हाईक त्याला हात लावणार नाही. म्हणून दर शनिवारी तिची नक्कल एका कॅसेटवर काढायची आणि कारखान्यापासून लांब, उंचावर ठेवायची. महाडात ठेवून उपयोग नव्हता, बिरवाडीत तर नाहीच. पाणी आलं की दोन्हीकडे येणार. सुधीर दोन दिवस डोकं खाजवत बसला आणि तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भांडी घासणारी ठमाबाई त्याच्या नजरेला पडली.

ठमाबाई पोलादपूरच्या वरची, शेवरीच्या कोंडातली. गाडीरस्ता सोडून तासभर चढलं की ती बारा घरांची वाडी लागते. घरटी गुरं, उतारावर नाचणी आणि वरी, आणि घरटी एक माणूस मुंबईला. ठमाबाईचा मुलगाही मुंबईलाच होता. ती एकटी राहायची, म्हैस पिळून डोंगर उतरायची आणि पोलादपूरहून पहिल्या पाळीची कंपनीची बस धरायची. साठी उलटलेली बाई, पण बस चुकलीय असं कधी झालं नव्हतं.

"ठमाबाई, एक डबा ठेवाल का घरी?" सुधीरने विचारलं. "दर शनिवारी न्यायचा, मागचा परत आणायचा."

"काय हाय त्यात?"

ऑफिसर होऊन सुधीरला तेव्हा चारच दिवस झाले होते. तो ऐटीत म्हणाला, "कंपनीचा जीव आहे."

ठमाबाई हसली नाही. तिने ओले हात पदराला पुसले, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाली, "मंग तांदळाच्या कनगीत ठेवते. चुलीच्या अंगाला हाय, ओल नाय येत तितं."

असे पत्र्याचे दोन डबे होते, लाल रंगात एक आणि दोन असे आकडे घातलेले, प्रत्येकाला छोटं पितळी कुलूप. चावी सुधीरकडे. शनिवारी एक वर जायचा, दुसरा खाली यायचा. वहीत नेल्याचा ठमाबाईचा अंगठा आणि परत मिळाल्याची सुधीरची सही. फाइलीत त्याने लिहिलं, 'दुय्यम साठवण स्थळ: डोंगरमाथा, पोलादपूर विभाग.' तपासायला आलेल्या पुण्याच्या साहेबाने ते वाचून मान डोलावली. "तिथे पाणी पोचायचं म्हणजे प्रलयच यावा लागेल," तो म्हणाला, आणि ती थाप मारली. डोंगरमाथा म्हणजे एका म्हातारीची कणगी, हे त्याने विचारलं नाही आणि सुधीरने सांगितलं नाही.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग जानेवारीत कॅसेटचं यंत्र बिघडलं. आतली कॅसेट त्याने अशी चावून ठेवली की चिमट्याने ओढली तर शेवयांसारखी बाहेर आली. नवीन यंत्र मुंबईहून मागवायचं तर मालकांना सांगायला हवं होतं. मालक पियुषभाई तसा भला माणूस. सांगितलं असतं तर आठवड्यात यंत्र आलं असतं. पण दर महिन्याला कॅसेट पुन्हा वाचून बघायची, असंही आराखड्यात लिहिलं होतं, आणि ते सुधीरने एकदाही केलं नव्हतं. नुसत्या सह्या ठोकल्या होत्या. यंत्राचं सांगायला गेलो तर सह्यांचंही निघेल. शिवाय फेब्रुवारीत परदेशी पाहुणे वही बघायला येणार होते. एवढं होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्याने स्वतःला सांगितलं. आपल्या माणसाला मुहूर्त काढता येतो, फक्त तो नेहमी पुढच्या महिन्यातला असतो.

पाहुणे आले, वहीतले अंगठे बघून खूश झाले आणि गेले. डबे वर-खाली जातच राहिले. रिकामा डबा हलका लागेल आणि म्हातारीच्या ध्यानात येईल, म्हणून सुधीरने एका डब्यात पंच मशीन घातलं आणि दुसऱ्यात, नंबर दोनमध्ये, आपल्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट. आत लाल फूल असलेला. आवाज होऊ नये म्हणून फडक्यात नीट गुंडाळून. खोट्या कामात माणूस किती टापटीप असतो ते बघावं.

पहिले दोन शनिवार त्याला झोप लागली नाही. नंतर लागायला लागली. पण डबा देताना तो ठमाबाईकडे बघेनासा झाला. डबा टेबलाच्या कडेला ठेवायचा, वही उघडी ठेवायची आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे तोंड करून बसायचं. एकदा नाथू, म्हणजे त्याच वाडीतला आणि कंपनीत कंत्राटावर पोती उचलणारा गडी, हसत हसत म्हणाला, "सायेब, काकी बसमदी डबा मांडीवर घेऊन बसते, बगा. सीटखाली ठेव म्हनलं तर म्हनते, जीव कोन पायाखाली ठेवतंय?" सुधीर हसला. हसताना त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दोन हजार पाचच्या जुलैतल्या तेविसाव्या तारखेला, शनिवारी, नंबर दोनचा डबा वर गेला. सोमवारी सावित्री नदी कंपनीत शिरली.

पाणी उतरल्यावर ऑफिसात गुडघाभर चिखल होता. मोठा कॉम्प्युटर खालच्या मजल्यावर होता. तो वर न्यायचा असं आराखड्यात पान सातवर लिहिलं होतं. पण आराखडाही सुधीरच्या खालच्या खणात होता, त्यामुळे दोघांनी एकत्रच जलसमाधी घेतली. कागदाच्या नोंदी लगदा झाल्या. वरच्या गोदामातला तयार माल तेवढा कोरडा होता, चारशे पिंपं. पियुषभाई मुंबईहून कसेबसे पोचले, पँट दुमडून चिखलात उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "सुधीर, वरचा डबा आहे ना?"

"आहे," सुधीर म्हणाला.

"मग काळजी नाही." त्यांनी चिखल उपसणाऱ्या लोकांकडे वळून मोठ्याने सांगितलं, "ऐका! नोंदी सुरक्षित आहेत. माल जाणार. महिन्याभरात कारखाना सुरू करू, कुणाला घरी बसावं लागणार नाही." लोकांनी फावडी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. दोघांनी सुधीरला उचलायचा प्रयत्न केला. त्याने चिखलाचं निमित्त करून सोडवून घेतलं.

पोलादपूरकडचा रस्ता बंद होता, फोन बंद होते. बुधवारी बातमी आली की वरच्या वाड्यांवर दरडी आल्यात, शेवरीच्या कोंडावरही आली आहे. ही बातमी ऐकली तेव्हा सुधीरच्या मनात पहिला विचार काय आला, हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्याला वाटलं, डबा गाडला गेला असेल तर सुटलो. डबा घरात होता, आणि घरात म्हातारी होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं. तरीही तो अर्धा क्षण सुटल्यासारखा झाला. स्वतःची अशी किळस त्याला त्याआधी कधी आली नव्हती.

एक ऑगस्टला, सोमवारी सकाळी, ठमाबाई कंपनीच्या गेटमधून आत आली. पायात काही नव्हतं, डोक्यावर इरलं, इरल्याखाली काखेला घोंगडीचं गाठोडं. वाडीपासून पोलादपूरपर्यंत ती चालत आली होती आणि पुढे खडीच्या ट्रकमधून. कँटीनसमोर माणसं गोळा झाली. तिने गाठोडं सोडलं. घोंगडी, तिच्या आत लुगड्याचा तुकडा, त्याच्या आत खताच्या पिशवीचं प्लास्टिक आणि त्याच्या आत डबा नंबर दोन, लख्ख, कोरडा.

"घ्या," ती सुधीरला म्हणाली. "शनवारी जमलं नाय यायला. रस्ता नव्हता."

पियुषभाईंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "मावशी, घर कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"मागली भित गेली," एवढंच ती म्हणाली.

पियुषभाईंनी मुंबईहून नवं यंत्र आणलं होतं, ते वरच्या केबिनमध्ये लावलेलं होतं. सुधीर डबा घेऊन एकटाच आत गेला. दार लावलं, कुलूप काढलं, फडकं उलगडलं. पेपरवेटमधलं लाल फूल त्याच्याकडे बघत होतं. बाहेर माणसं थांबलेली. तो दहा मिनिटं बसून राहिला. त्या दहा मिनिटांत दार उघडून खरं सांगायची त्याने तीनदा तयारी केली आणि तीनदा तो पुन्हा खुर्चीत बसला. मग त्याने पेपरवेट पुन्हा गुंडाळला, डब्याला कुलूप घातलं आणि बाहेर आला.

"लागत नाही," तो म्हणाला. "ओल लागलीय कॅसेटला."

हे वाक्य त्याने ठरवलं नव्हतं. आडातच नव्हतं ते पोहऱ्यात आलं कुठून, कोण जाणे. पण तोंडातून गेलं, आणि गेलं ते सरळ ठमाबाईच्या अंगावर. तिचा चेहरा बघता बघता उतरला.

"ओल कशी लागंल?" ती म्हणाली. "कनगीत व्हता. म्या पयला त्योच भायेर काडला. पलास्टिकात गुंडाळला... सायेब, पुन्ना बगा ना."

"बघितलं," सुधीर म्हणाला.

ती पियुषभाईंसमोर हात जोडून उभी राहिली. "शेट, माज्याकडनं चूक झाली असंल. मला कळलं नाय."

"जाऊ द्या मावशी," पियुषभाई म्हणाले. ते चांगल्या मनानेच म्हणाले, पण त्यांचा आवाज बसला होता. लोक एकेक करून फावड्यांकडे परतले. पाठीमागून कुणीतरी बोललं, "म्हातारीनं घालवली रोजी आपली." ते ठमाबाईनेही ऐकलं. ती घोंगडीची घडी घालत होती. हात तसेच चालू राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. आठवड्याने कंत्राटावरच्या साठ जणांना, पुढचा निरोप येईपर्यंत येऊ नका, असं सांगण्यात आलं. त्यात नाथूही होता. पियुषभाई मात्र हार मानणारे नव्हते. मुंबईत भिजलेल्या कॅसेटी दुरुस्त करणारी माणसं आहेत, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. "तू स्वतः घेऊन जा," ते सुधीरला म्हणाले. "मंगळवारी निघ. शेवटची आशा आहे ही."

मंगळवारी सुधीर महाडच्या स्टँडवर बॅग घेऊन उभा होता. बॅगेत डबा होता. मुंबईला जायचं, पनवेलला चहाला उतरायचं, आणि बॅग चोरीला गेली म्हणून फोन करायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. एकदा घसरलेल्या माणसाला पुढचा उतार सोपा वाटतो. मुंबईची गाडी लागली, त्याने दांडीला हात घातला, तेवढ्यात मागून कुणी हाक मारली.

नाथू होता. हातात नारळ, विड्याची पानं. "सायेब, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "काकीनं पंधरा दिवस धड अन्न घेतलं नाय. आज दुपारी देवीला कौल लावायचा हाय."

"कौल? कशाबद्दल?"

"ठेव बिगडली ना तिच्या हातून. आमच्यात दुसऱ्याची ठेव बिगडली तर देवीला इचारल्याबिगर गत नाय. तिच्याकडं चूक निघाली तर तिला दंड. नाय निघाली तर सुटली." नाथूने मान खाली घातली. "मी पन तिला बोललो व्हतो, कामावरनं काडल्यावर. तुमी येता का? तुमी म्हनलात जाऊ द्या, तर तिला धीर येईल जरा."

मुंबईच्या कंडक्टरने घंटी दिली. सुधीरने दांडी सोडली. पुण्य करावं म्हणून नव्हे. नाथूच्या तोंडावर 'नाही' म्हणायचीही त्याची हिंमत झाली नाही, एवढंच. तो पोलादपूरच्या गाडीत बसला.

वर चढताना नाथू पुढे, सुधीर मागे. डोंगराची एक बाजू कातडं सोलल्यासारखी तांबडी उघडी पडली होती. वाडीच्या तोंडाशी ठमाबाईचं घर लागलं. पुढचं छप्पर जागेवर होतं आणि मागे मातीचा ढीग. ढिगातून गोठ्याचा एक वासा वर आला होता.

"हितं म्हस व्हती," नाथू म्हणाला.

"व्हती म्हणजे?"

"पावसानं बस बंद व्हती, समदे घरीच. दुपारी डोंगर गुरगुरला, तशे आमी समदे पळालो. काकी घरात शिरली. मी वराडलो, काकी, म्हशीचं दावं काप! तर ती डबा घेऊन भायेर आली. डबा माज्या हातात दिला आनि म्हशीकडं वळली, तवर आलंच खाली." नाथू चालायला लागला. "आमच्यात असंच हाय, सायेब. आदी दुसऱ्याची ठेव, मंग आपलं."

सुधीरला बसावंसं वाटलं. बसायला जागा होती, पण तिथे बसण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तो उभाच राहिला. पेपरवेटसाठी. त्याच्या टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या काचेच्या गोळ्यासाठी म्हैस मातीखाली गेली होती, आणि कंपनीत विचारल्यावर म्हातारी फक्त 'मागली भित गेली' म्हणाली होती. शरमेने माणूस मरत नाही, हे एका अर्थी वाईटच.

वाघजाईच्या देवळासमोर सगळी वाडी जमली होती. ज्यांची घरं गेली ती देवळाच्या पडवीतच राहत होती. कडेला तीन दगडांची चूल, भांडी, गाठोडी. कौल लावणारा म्हातारा कोंडाजी देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवत होता, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर ठमाबाई निर्दोष, डावी पडली तर दोषी. ठमाबाई समोर पदर पसरून उभी होती. पंधरा दिवसांत ती अर्धी झाली होती. सुधीरला बघून तिने पदर सावरला, जणू साहेबासमोर असं उभं राहणं बरं नव्हे.

कोंडाजी गाऱ्हाणं घालू लागला. "आई वाघजाई, ह्या लेकराकडं परक्याची ठेव व्हती..."

"थांबा," सुधीर म्हणाला.

सगळे वळले.

"कौल लावू नका. देवीला विचारायची गरज नाही. मला माहीत आहे."

त्याने बॅगेतून डबा काढला, खाली ठेवला, कुलूप काढलं. फडक्याची गाठ त्याला सुटेना. त्यानेच फार चांगली मारली होती. शेवटी सुटली. पेपरवेट त्याने देवळाच्या पायरीवर ठेवला.

कोंडाजीने वाकून बघितलं. "हे काय हाय?"

"कागद उडू नयेत म्हणून ठेवतात."

मग सुधीरने सांगितलं. यंत्र जानेवारीतच मोडलं होतं, तेव्हापासून डब्यात कॅसेट नव्हतीच. सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, म्हणून सांगितलं नाही. ओल लागल्याचं तो खोटं बोलला. साठ माणसं घरी बसली ती ठमाबाईमुळे नाही, त्याच्यामुळे. बोलताना तो त्या काचेतल्या फुलाकडे बघत होता. संपल्यावर त्याला नाइलाजाने वर बघावं लागलं.

ठमाबाई पुढे आली. "म्हंजे ओल नाय लागली?"

"नाही."

"माज्या कनगीत पानी नाय गेलं?"

"थेंबभर नाही, ठमाबाई."

तिने मोठा श्वास सोडला. पंधरा दिवसांचा ताण तिच्या तोंडावरून असा उतरला की ती क्षणभर तरुण दिसली. ती वाडीकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत ना गो? कोरडी व्हती माजी कनगी!"

ती आनंदली होती. सुधीरने शिव्यांची तयारी ठेवली होती, चार जणांनी धरून मारलं असतं तरी त्याला चाललं असतं. हा आनंद मात्र त्याला सोसवेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटली.

"आनि म्हस, काकी?" नाथू दात खाऊन म्हणाला.

"गप रे." मग ती सुधीरला म्हणाली, "वही आनली?"

"कसली वही?"

"अंगठ्याची. नेताना माजा अंगठा घेयाचात. परत केल्याचं तुमी लिवायचात. ह्या येळचं लिवायचं ऱ्हायलं हाय."

वही केव्हाच चिखलात गेली होती. सुधीरने खिशातली छोटी डायरी काढली, एक पान फाडलं आणि पेन उघडलं.

"लिवा," ठमाबाई म्हणाली. "डबा नंबर दोन कोरडा परत मिळाला. आनि आत काय व्हतं त्ये बी लिवा. आनि कवापासनं."

त्याने लिहिलं. त्या निळ्या फाइलीची शंभर पानं लिहिताना त्याला एवढे कष्ट पडले नव्हते. नाथू सातवी शिकलेला. त्याने कागद घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला आणि परत दिला. सुधीर सही करायला वाकला.

"सही नको, सायेब," ठमाबाई म्हणाली. ती रागाने बोलली नाही, भांडी कुठे ठेवायची ते सांगावं तसं बोलली. "सही तुमी दर शनवारी करत व्हता. अंगठा द्या."

तिने चुलीकडचा तवा आणला आणि उलटा करून त्याच्यासमोर धरला. कॉमर्सचा पदवीधर, ऑफिसर सुधीर, याने तव्याच्या बुडावर अंगठा घासला आणि कागदावर उठवला. बारा घरांची माणसं बघत होती. ठमाबाईने कागदावर फुंकर घातली, घडी केली आणि ती पत्र्याच्या डब्यात ठेवली. पेपरवेट मात्र तिने उचलून सुधीरच्या हातात दिला. डब्याला कुलूप लावलं आणि चावीही त्याच्यापुढे केली.

"चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आजपत्तर कदी उघडला नाय, आता बी नाय उघडनार. शनवारी खाली घेऊन येते. शेटच्या समोर तुमीच उघडा."

चार दिवस तो डबा पुन्हा त्या कणगीत होता. चार दिवस चावी सुधीरच्या खिशात होती. पियुषभाईंना त्याने इतकंच सांगितलं, की मुंबईला गेलो नाही, का ते शनिवारी सगळ्यांसमोर सांगतो, आणि घरी बसवलेल्या साठ जणांनाही बोलावून घ्या. त्यांनी त्याच दिवशी साठ जणांना निरोप धाडले. अंगठ्याची काजळी दुसऱ्या दिवशीच धुतली गेली. तो मात्र चहाचा कप त्या हाताने धरीनासा झाला.

शनिवारी पहिल्या पाळीच्या बसने ठमाबाई आली. डबा मांडीवर घेऊन आली होती, नाथूने सांगितलं. कँटीनमध्ये सगळे उभे होते. पियुषभाई पुढे होते. तिने डबा टेबलावर ठेवला, पदराने त्यावरचं पाणी पुसलं आणि बाजूला झाली.

"मावशी, काय आहे यात?" पियुषभाईंनी विचारलं.

"ह्यांची ठेव हाय," ठमाबाई म्हणाली आणि सुधीरकडे बोट केलं.

सुधीरने खिशातून चावी काढली आणि कुलपाला लावली.